पडदा उघडा होता

सातारा, १२ जानेवारी २०२५

वीरधवल,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. सध्या तो तुला द्यायची माझी अजिबात इच्छा नाही, तरी घे. मोठी बहीण असण्याचा हा तोटा.

तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. हुबळीचा पत्ता आईकडून काढला. तू तिला फोन करतोस हे तिने मला सांगितलं नव्हतं. बरणीत शेंगदाण्याची चटणी दाबून भरत होती, तेव्हा पकडली. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणते, "हुबळीला तिखट मिळत न्हाई म्हनं." हुबळीला तिखट मिळत नाही! खोटं बोलायला तुम्ही माय-लेक एकाच शाळेत गेलेले दिसता.

आबांचा डावा डोळा आहे तसाच आहे. सांगलीच्या डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासला. मधोमध काळा डाग आणि कडेकडेने थोडं दिसतं. एवढंच राहणार, म्हणाले. बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, "नेम धरायचा डोळा उजवा. त्यो शाबूत हाय." आणि मग गाडीत बसताना दाराची कड त्यांच्या कपाळाला लागली. डाव्या बाजूला.

आता मला माहीत आहे ते सगळं मी एकदा मांडते. चुकत असेन तर सांग. दसरा होऊन गेला होता. शेडमध्ये तू दुधाच्या कॅनला लेसरच्या मशीनने वेल्डिंग करत होतास. त्याचा झोत डोळ्यांना दिसत नाही, तीच त्याची वाईट खोड. चकचकीत स्टीलवरून तो उडाला आणि पलीकडे खुर्ची टाकून चहा घेत बसलेल्या आबांच्या डोळ्यात गेला. मधे पडदा असायला हवा होता. तू सगळ्यांना सांगितलंस, पडदा ओढायचा राहिला, उघडा होता. आबांनी दवाखान्यातून आल्यावर तुला अंगणात उभं केलं आणि सगळ्या गल्लीदेखत झापलं. फौजेतल्या सुभेदाराची झाप, पार नातेवाइकांपर्यंत ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप लावून तू निघून गेलास. नाव वीरधवल, आणि हे काम!

पण मला हे पटत नाही रे. तो पडदा मी आमच्या कापड तपासायच्या लॅबमधून आणून दिला होता. काचेच्या धाग्याचा, एका अंगाने चांदीसारखा, इतका हलका की आई म्हणाली ह्याचं पोलकं शिवता येईल. तो वीतभर जरी उघडा राहिला तरी तू शेडमधल्या आकारामवर ओरडायचास. बिचारा मला म्हणायचा, "आक्का, मालक पडद्यासाठनं माज्या जिवावर उठतोय." असा तू पडदा उघडा ठेवून मशीन चालू करशील?

आणि तो पडदा गेला कुठे? शेडमध्ये नाही. आमच्या लॅबचे सुमंत सर विचारतायत. वाईचे आहेत, फार सभ्य, एकदाच विचारतात. पण तेवढ्यानेही मला घाम फुटतो. कुठे ठेवलायस ते कळव.

तुझी आक्का

सातारा, २ फेब्रुवारी २०२५

वीरधवल,

पोस्टकार्ड मिळालं. "आक्का, पडदा उघडा होता. तो शोधू नको. आबांना डोळ्यात औषध वेळेवर घालायला सांग." एवढं लिहायला तुला तीन आठवडे लागले. अक्षर मात्र सुधारलंय.

शोधू नको म्हणालास, म्हणून मी शोधला. तू मला ओळखत नाहीस का? आकारामच्या शेळ्यांच्या खोपीवर तो पसरलेला होता, चांदीची बाजू वर. शेळ्या मजेत होत्या. "मालक म्हनले जाळून टाक, पर येवढं ग्वाड कापड कोन जाळंल?" असं म्हणाला. मी त्याला नवीन ताडपत्री घेऊन दिली आणि पडदा गुंडाळून साताऱ्याला आणला.

एक खरं सांगते. मागच्या पत्रात मी सुमंत सरांना पुढे केलं, ते खोटं होतं. सरांनी पडद्याबद्दल विचारलंच नव्हतं. मलाच झोप लागत नव्हती. त्या कापडाच्या तपासणीच्या अहवालावर माझी सही आहे. मला वाटत होतं की पडदा बंदच होता, कापड जळालं, आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून तू स्वतःच्या अंगावर घेतलंस. रोज एमआयडीसीच्या कमानीतून आत शिरताना मला वाटायचं, आज कुणीतरी विचारणार.

तर आम्ही काय करतो ते तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण मला लिहायचंय. कापडाचा तुकडा चौकटीत ताणून धरायचा, मागे सेन्सर ठेवायचा, पुढून झोत सोडायचा आणि कापड किती वेळ टिकतं ते बघायचं. जाड लोखंडी पत्रा टिकणारच, त्यात काय मोठं. गंमत हलक्या कापडाची. ते झोत अडवत बसत नाही, बहुतेक सगळा परत फेकून देतं. तुझ्या पडद्याचे मी बऱ्याच ठिकाणचे तुकडे घेतले. सगळे टिकले. शेळ्यांच्या खोपीवरून आलेलं कापड, वीरू, धुऊन लावलं तर नव्यासारखं टिकलं! माझा जीव भांड्यात पडला. मी लॅबच्या मागे जाऊन चक्क रडले.

आणि मग लाज वाटली. आबांचा डोळा गेला, भाऊ परागंदा झाला, आणि ही बाई सही खरी ठरली म्हणून रडते.

पण आता माझा प्रश्न आणखी अवघड झालाय. पडद्याच्या मधोमध, बसलेल्या माणसाचं डोकं येईल त्या उंचीला, एक चौकोन कापून काढलेला आहे. कात्रीने, सरळ, पत्रा कापणाऱ्या माणसाच्या सफाईने. शेळ्या असं कापत नाहीत. तो तुकडा कुठे आहे?

आक्का

सातारा, २३ फेब्रुवारी २०२५

वीरू,

मला कळलं. सगळं कळलं.

चौकोनाच्या खालच्या कडेला एक डाग राहिला होता. नखाएवढा, काळपट तांबडा, खाली निमुळता होत गेलेला. तुझी कात्री तेवढी चुकली. आधी मला तो गंज वाटला. वास घेतला तर तेलाचा वास.

मागच्या रविवारी कुंडलला घरी गेले होते. आई भाकरी थापत होती आणि मी सहज विचारलं की यंदा खंडेनवमीला शेडची पूजा कुणी केली. "कोन करनार? तुजा आबाच." मग तिला हसू आलं. म्हणाली, "त्या पडद्याला बी पाच बोटं वढली. मी म्हनलं, आवं, पडद्याला कुटं कुंकू लावत्यात? तर मलाच म्हनले, तलवारीला लावायचं आन ढालीला न्हाई व्हय? ढाल हाय ती, पोराची ढाल."

मी भाकरी तशीच ताटात ठेवून निघाले. आईला वाटलं तिचं काहीतरी चुकलं.

आबांची पूजा तू नि मी लहानपणापासून बघतोय. इतर लोक कोयता धुतात, पुसतात, कुंकू लावतात. आबा आधी तेल देतात. फौजेतली शिस्त. शस्त्र आधी साफ, मग तेल, मग देव. कोयता, विळा, नटबोल्टचे पाने, ड्रिलमशीन, सगळ्याला तेलाचं फडकं फिरवून झालं की त्याच तेलकट काळ्या बोटांनी कुंकू. म्हणून आपल्या घरची हत्यारं दसऱ्याला कधी लाल दिसली नाहीत. आई दरवर्षी कटकट करते आणि आबा दरवर्षी ऐकत नाहीत.

लॅबमध्ये मी तीन तुकडे केले. पहिल्याला नुसतं पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं. झोत सोडला, कुंकू करपलं, कापड टिकलं. दुसऱ्याला नुसतं तेल. धूर निघाला, टिकलं. तिसऱ्यासाठी मी वर्कशॉपमधले पाने तेलाच्या फडक्याने पुसले, बोटं काळी करून घेतली, आणि आबांसारखं कुंकवाचं बोट ओढलं, वरून खाली, शेवटी हलकं. झोत सोडला. "एक" म्हणायच्या आत मागचा सेन्सर वाजला. त्या काळ्या तेलाने झोत परत फेकलाच नाही, सगळा पिऊन टाकला. सुमंत सर शेजारी उभे होते. त्यांनी वाकून ते भोक बघितलं आणि म्हणाले, "आपण आजवर फक्त धुतलेले तुकडे तपासले, अंकिता." उद्यापासून मळके नमुनेही तपासायचे ठरलंय. फार उशीर झाला म्हणा.

म्हणजे पडदा बंद होता. तुझी काही चूक नव्हती. दवाखान्यातून आल्यावर तू तो बघितलास, बोटाच्या मधोमध भोक बघितलंस, आणि कापून टाकलंस. गाढवा! चार महिने सगळं गाव तुला नावं ठेवतंय आणि तू तिकडे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करतोयस!

आता बास. येत्या रविवारी मी ते तिन्ही तुकडे घेऊन कुंडलला जातेय. आबांना दाखवते. त्यांना खरं कळलं की ते स्वतः तुला घ्यायला येतात की नाही बघ. तू सामान बांधायला घे.

तुझी (अभिमानाने) आक्का

कुंडल, ३ मार्च २०२५

वीरू,

काल तुझे फोन आले. एकामागून एक. मी एसटीत होते. नाव बघितलं आणि मनात म्हटलं, इतके महिने मला ताटकळवलंस, आता बस जरा. उचलले नाहीत. माझ्या हट्टाची मला आयुष्यात कधी इतकी चीड आली नव्हती. पत्र पोचल्यावर तू घाबरून फोन केलास, मला अडवण्यासाठी, हे मला रात्री समजलं. आता मी करते तर तुझा बंद येतोय.

जे झालं ते सांगते.

आबा ओसरीत बसले होते. मी शेजारी बसले आणि तुकडे काढले. मी खुशीत होते रे. शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगायला यायचे ना, तशी. सगळं समजावून सांगितलं. हे साधं कापड, हे कुंकू, हे तेल, आणि हे दोन्ही. आबांनी तिसरा तुकडा हातात घेतला, उजव्या डोळ्याजवळ नेला, मग भोकात करंगळी घालून बघितली.

"पडदा लावलेला हुता म्हंजी."

"व्हय आबा. त्याची काय बी चूक न्हवती." मला वाटलं आता त्यांचा चेहरा खुलेल.

"आन ह्यो टिळा माजा."

मी तोपर्यंत त्या बाजूने विचारच केला नव्हता. खरंच नव्हता. चार महिने मला दोनच माणसं दिसत होती, तू आणि मी. कोण दोषी, तू की मी. तू नाहीस, मी नाही, म्हणजे सुटलो, असं माझं गणित. मी घाईघाईने म्हणाले की तसं नाही, कुणाला माहीत असणार, आम्हाला लॅबमध्येसुद्धा माहीत नव्हतं. ते ऐकत नव्हते.

"त्येनं ह्ये कापलं कवा?"

"दवाखान्यातनं आल्यावर. तुमी त्येला अंगणात बोलवायच्या आधी असंल."

आबांनी तो तुकडा गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केला. आत आई भांडी घासायची थांबली होती. मग ते म्हणाले, "म्हंजी मी त्येला आय-बापावरनं शिव्या घालत हुतो, तवा त्यो ह्ये खिशात घिऊन हुबा हुता."

मी उरलेले दोन तुकडे गोळा करून पिशवीत भरायला लागले.

तुला ठाऊक होतं असंच होईल. म्हणून तू मान खाली घालून उभा राहिलास. आबांना रागावलेलं ठेवलंस, कारण रागात त्यांचा ताठा टिकून होता. डोळा गेला तरी माणूस उभा होता. पोराने हयगय केली, असं म्हणत ते रोज काठी न घेता चावडीपर्यंत जायचे. मी तुझी ढाल काढून घेतली आणि वर दाखवायला गेले की बघा, कशी छान जळते.

आज ते चावडीवर गेले नाहीत. सकाळी तेलाचा डबा आणि ते फडकं बाहेर नेऊन उकिरड्यावर टाकून आले. आईने नवीन आणू म्हटलं तर म्हणाले, "आता कशाला?" जेवायला बसले आणि भाताला हात लावून उठले.

संध्याकाळी मी म्हटलं, "आबा, वीरूला लिहिते, घरी ये म्हणून." तर म्हणाले, "लिव्ह. येऊ नको म्हनावं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं.

"येऊ नको म्हनून लिव्ह. मी सांगितलंय म्हनावं. पुढं काय बी लिवू नको."

आधी तुला त्यांचा राग घरी येऊ देत नव्हता. आता त्यांची लाज येऊ देत नाही. आणि रागाचं आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. होळी, गुढीपाडवा असं करत करत तो उतरलाच असता. तुझ्यापाशी ते गणित होतं, माझ्यापाशी फक्त मशीन होतं. तू शोधू नको म्हणाला होतास. एका ओळीत म्हणाला होतास, त्याच्यापुढे तुला आणखी काय लिहिता आलं असतं? मीच समजून घ्यायला हवं होतं. मला माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं, पण ते तू लगेच करशील, आणि तेच मला नको आहे.

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. पुढे काही लिहू नको म्हणाले होते तरी लिहिलं. तू काय करायचं ते मला आता सांगता येत नाही. मी सांगितलेलं एकदा सगळ्यांनी भोगलं, पुरे झालं.

आक्का

कुंडल, ९ मार्च २०२५

वीरू,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे एव्हाना तुला दिसलंच असेल.

काल मी साताऱ्याहून आले तर आबांनी प्रवासाचे कपडे काढून ठेवले होते. पांढरी विजार, तो तपकिरी कोट, शेजारी पॉलिश केलेले बूट. एक बूट जास्त चकचकीत आहे, दुसरा त्यांना नीट दिसला नसावा. मला म्हणाले, "मिरजेतनं हुबळीची गाडी कवा हाय बग." मी म्हटलं, "आबा, तुमीच तर येऊ नको म्हनून लिवायला लावलं."

"मग? माफी मागायला मानूस जातोय. बोलवून घेतोय व्हय?"

मी बरोबर येते म्हटलं, आईने हाताला धरलं, आकाराम मोटरसायकल घेऊन आला की मी नेतो म्हणून. सगळ्यांना एकच उत्तर. "माजं हाय, मला जाऊ द्या." आता स्टेशनवर मी त्यांना डबा देईन आणि हे पाकीट त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवेन. वीरूला द्या, एवढंच सांगेन. आत काय लिहिलंय ते आबा विचारायचे नाहीत.

मला त्यांचं बोलणं माहीत नाही आणि ते नीट बोलतील असंही नाही. सुभेदार माणूस, आयुष्यभर हुकूम दिला, असलं बोलायची सवय नाही. वाटेत पाठ करून आले असतील आणि तुला बघितल्यावर विसरतील. कदाचित आधी तुझ्या केसांवरून ओरडतील. तू त्यांना "जाऊ दे आबा, काही नाही" म्हणू नकोस. तुला ती सवय आहे. सगळं पोटात घालायची. ह्या वेळी त्यांना बोलू दे, कितीही वेळ लागला तरी.

पाणी देशील तर उजव्या बाजूने दे. डाव्या बाजूचा पेला त्यांना दिसत नाही आणि ते कबूल करत नाहीत.

आणि तू आता दारातच उभा राहून हे वाचत असशील. तेही तुझ्यासमोर उभे असतील, पिशवी हातात धरून. तू म्हटल्याशिवाय ते बसायचे नाहीत. पत्र ठेव खाली. आधी त्यांना बसा म्हण.

आक्का